वासंतीबाईंची उजवी भुवई

वासंतीबाई डहाणूच्या एका लहानशा शाळेत गेली एकवीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवतात. हा पेशा त्यांनी निवडला, असं म्हणण्यापेक्षा तो घरातच वाढला. घोलवडला त्यांचे वडील चिकूच्या वाडीत पॅकिंगला होते. धाकटा भाऊ ललित जन्मापासून बहिरा. आई सवयीने त्याला स्वयंपाकघरातून हाक मारायची, मग लक्षात आलं की जीभ चावायची आणि वासंतीला पाठवायची. त्या धावाधावीत बहीणभावांची एक हातांची बोली तयार झाली. पुढे प्रशिक्षणाला गेल्यावर वासंतीला कळलं, की आपण जे करतो त्याला नीट व्याकरण आहे आणि त्यातलं निम्मं व्याकरण हातांत नसून चेहऱ्यात आहे.

‘तू जेवलीस’ आणि ‘तू जेवलीस का’ या दोन्हींसाठी हात सारखेच हलतात. भुवया वर गेल्या आणि डोळे मोठे झाले, की प्रश्न. गाल फुगवले की मोठं, ओठ आवळले की बारीक. बाईंचा चेहरा यात फार तयार होता. लग्नाकार्यात नातेवाईक त्यांना हसायचे, हिला नाटकात घाला म्हणायचे. वर्गात मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलालाही बाई काय विचारतायत ते बरोबर कळायचं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. कानामागे आदल्या दिवसापासून ठणकत होतं. चहाही थोडा पदरावर सांडला. रात्री हाताखाली गाल दबला असेल, असं म्हणत बाई शाळेत गेल्या. प्रार्थनेनंतर त्यांनी बुधीला रोजच्यासारखं विचारलं, नाश्ता केलास का. बुधी गंजाड गावची, दहा वर्षांची, वसतिगृहात राहणारी. तिने बाईंचा चेहरा नीट न्याहाळला. मग तिने हातांनी सांगितलं, “बाई, निम्माच प्रश्न.”

बाईंना समजेना. तेव्हा बुधीने त्यांचा हात धरून, उच्चार शिकवायला भिंतीवर लावलेल्या मोठ्या आरशासमोर त्यांना नेलं. बाईंनी भुवया उचलल्या. डावी वर गेली. उजवी जागची हलली नाही. डोळे मिटून पाहिले, तर उजवा उघडाच राहिला आणि बुबुळ तेवढं वर सरकलं. हसायला गेल्या तर तोंड सगळं डावीकडे ओढलं गेलं. मागे बारा मुलं उभी होती आणि बाराही चेहरे घाबरलेले होते.

सुदर्शन, त्यांचे यजमान, रेल्वेच्या सिग्नल विभागात. ते ड्युटी सोडून धावत आले. लकवाच, असं त्यांनी मनात धरलं होतं. शेजारच्या काकूंनी वारं लागलं म्हणून सांगितलं आणि मोहरीच्या तेलाची बाटली पुढे केली. सुदर्शननी ती पिशवीत ठेवली आणि थेट दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात उचलायला लावले, बोलायला लावलं, चालायला लावलं. सगळं ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, कपाळाला आठ्या घाला. उजवं कपाळ कोऱ्या कागदासारखं सपाट राहिलं. ते पाहून डॉक्टरीणबाईंचा आवाज सैल झाला. मेंदूचा झटका असला, तर कपाळ सहसा वाचतं, त्यांनी सांगितलं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. इथे कपाळासकट सगळी बाजू गेली आहे, म्हणजे बिघाड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या नसेत आहे. त्यांनी आपला पंजा बाईंच्या कानाखाली टेकवून बोटं गालावर पसरली. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते आणि अशी पाच वाटांनी फुटते: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, जबड्याकडे आणि खाली मानेकडे. बोगद्यात नसेला सूज आली, की तिची जागाच कोंडते.

“म्हणजे सिंगल लाइनवर ब्लॉक,” सुदर्शन म्हणाले.

“अगदी तसंच. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी आलात, हे फार बरं झालं. बहुतेकांचा चेहरा परत येतो.”

सूज उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या. डोळा मिटत नसल्याने तो कोरडा पडू नये म्हणून दिवसा थेंब, झोपताना मलम आणि वरून पट्टी. गालावर हात फिरवला तर स्पर्श नीट कळत होता, कारण स्पर्शाची नस वेगळी. पण जिभेच्या उजव्या बाजूला आमटी बेचव लागे, जेवताना भात गालात साठून राही आणि उजव्या कानात कुकरची शिट्टी असह्य होई. कानातल्या एका इवल्याशा स्नायूलाही हीच नस जाते, असं नंतर समजलं.

बाईंनी रजा टाकली. पदर गालावर ओढून त्या घरात बसू लागल्या. आरशावर टॉवेल टाकला. चौथ्या दिवशी घोलवडहून ललित आला. तो आता एका रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधतो. त्याच्याशी तरी बोलतील असं वाटलं, तर बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. हातांनी एवढंच म्हणाल्या, की बरी आहे, तू जेवून जा.

ललित उठून खिडकीशी, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“ताई, तू तोंड फिरवलंस, की मी खरा बहिरा होतो.”

बाई रडल्या. रडताना उजवा डोळा नुसताच वाहिला, त्याला मिटता येईना. ललितने रुमालाने तो पुसला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. तासभर त्याने मालकाच्या, माकडांच्या, कलमांच्या गोष्टी सांगितल्या आणि मधूनमधून मुद्दाम प्रश्न विचारले, म्हणजे ताईला उत्तर द्यायला वर बघावंच लागेल.

पुढच्या सोमवारी बाई शाळेत गेल्या. मुखपट्टी लावण्यात अर्थ नव्हता, मुलांना तोंड दिसायलाच हवं. त्यांनी फळ्यावर मोठा चेहरा काढला, डोळ्याभोवती एक कडं, ओठांभोवती एक कडं, कपाळावर उभे पट्टे. इतर स्नायू हाडं हलवतात, पण चेहऱ्यातले हे स्नायू कातडीला चिकटलेले असतात आणि कातडीच ओढतात, असं त्यांनी हातांनी समजावलं. मग मुलांनी एकमेकांच्या कपाळांवर, गालांवर बोटं ठेवून खरंच काय हलतं ते पाहिलं. कुणी शिट्टीचं तोंड केलं, कुणी नाक फेंदारलं. घाबरलेले चेहरे तासाभरात कुतूहलाचे झाले.

प्रश्नाची अडचण बुधीने सोडवली. तिने पुढे येऊन तर्जनीने बाईंची उजवी भुवई वर उचलून धरली आणि वर्गाकडे वळून सांगितलं, आता पूर्ण. तेव्हापासून प्रश्न विचारताना बाई स्वतःच बोटाने भुवई उचलत. आठवडाभरात सगळा वर्गच तसं करू लागला.

फिजिओथेरपिस्ट अदिती आठवड्यातून दोनदा व्यायाम घेई. तिचं म्हणणं होतं, जोर लावू नका. जोराने तोंड वेडंवाकडं केलं, तर नव्याने वाढणारे नसेचे धागे भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. आरशासमोर हळूच, अगदी थोडं, दोन्ही बाजू सारख्या ठेवून करा. बाई घरी आणि मधल्या सुट्टीत तसंच करत. आरसा मात्र काहीच दाखवेना. पंचविसाव्या दिवशी हिशेबाच्या तासाला बुधी जागेवरून उठली आणि बाईंच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून तिने सांगितलं, “हललं.” बाईंना काही जाणवलं नव्हतं. अदितीने दुपारी तपासलं आणि म्हणाली, मुलीचं बरोबर आहे. जन्मभर चेहरे वाचणाऱ्या नजरेला जे दिसलं, ते दिसायला आरशाला आणखी तीन दिवस लागले.

आधी ओठ, मग गाल, मग डोळा मिटू लागला. भुवई सगळ्यांत शेवटी, दिवाळीनंतर. आज बाई मोठ्याने हसल्या, की उजवा डोळा किंचित बारीक होतो. काही धागे वाट चुकलेच. अदितीने त्यावरचे व्यायाम दिले आहेत, बाई ते आठवणीने करतात, विसरलं तर हळहळत नाहीत. नवीन मुलांना वाटतं, बाई आपल्याला डोळा मारून चेष्टा करतायत. बाई त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत.

डिसेंबरात त्यांनी वर्गाची सहल घोलवडला, ललितच्या रोपवाटिकेत नेली. मालकाने काही समजावून सांगायला सुरुवात केली आणि बाई भाषांतर करायला पुढे झाल्या, पण मुलांचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ललितभोवती गोळा झाली होती. खिरणीच्या रोपाला चिकूची फांदी कशी बांधायची, साल कुठे आणि किती काढायची, हे तो हातांनी आणि सगळ्या चेहऱ्याने सांगत होता. बुधीने चार प्रश्न विचारले, त्याने चारही उत्तरं दिली. बाईंना काही कामच उरलं नाही. त्या झाडाखालच्या पारावर टेकल्या, पिशवीतून एक पिकला चिकू काढला आणि सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला.