कार्डावरची मागणी

नातीने मोबाइलवर बोट टेकवलं आणि गवतांवरचा माझा जुना शोधनिबंध समोर उघडला. "आजी, आता फुकट आहे. कुणीही वाचू शकतं."

पूर्वी परगावचे अभ्यासक कार्ड लिहून निबंधाची प्रत मागायचे. तेव्हाचा माझा तोरा काय सांगावा! पाहुण्यांना दिसावीत म्हणून मी ती कार्डं चहाच्या ट्रेशेजारी पसरून ठेवत असे.

"बघ, किती जणांनी डाउनलोड केलाय."

"त्यातल्या कुणी काही विचारलं का गं?"

"विचारायचं कशाला? सगळं आहेच की तिथे."

खरंच आहे तिचं. वाचणारे वाढले, मागणारं मात्र कुणी उरलं नाही. तिने निबंधाखाली माझा ई-मेल पत्ता टाकला. तेव्हापासून साडीच्या सेलचा मेल आला तरी मी धावत चष्मा शोधते.