उस्तिन्या आणि तिचे थोरले दीर

उस्तिन्याला सगळं शारजा रशियन समजायचं, आणि तिनेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. किती जणांना सांगणार? सैबेरियात ओब नावाची नदी आहे, तिला काझिम मिळते, काझिमकाठी आमचं गाव. आम्ही खांती, भाषाही खांती, बोलणारे सगळे मिळून दहा-बारा हजार. एवढं ऐकेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पोहोचलेलं असायचं.

तिथल्या रोला बाजाराजवळ उल्हास आणि विद्युल्लता सामंत यांचं तयार कपड्यांचं दुकान होतं, तिथे ती कामाला. नव्वदीच्या मध्यावर विमानं भरभरून रशियन गिऱ्हाईक यायचं आणि गठ्ठेच्या गठ्ठे माल न्यायचं. पण त्यांच्याशी बोलणार कोण? उल्हासचं रशियन ‘खराशो’पासून, म्हणजे ‘छान’पासून, सुरू व्हायचं आणि तिथेच खलास. म्हणून उस्तिन्याला ठेवली. ठेंगणीशी, रुंद चेहऱ्याची, कामाला वाघ. तिचा नवरा येगोर विमानतळावर मालवाहू विमानांचा मेकॅनिक. दोघं एकाच गावचे. उम्म अल कुवैनला दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत भांडण, लाड, हिशोब, सगळं खांतीत चालायचं.

सत्त्याण्णव साली येगोर हृदयाच्या झटक्याने गेला, बसल्या जागी. उल्हासने धावपळ करून उस्तिन्याचा व्हिसा दुकानाच्या नावावर करून घेतला, त्यामुळे राहायची सोय झाली. पण घरात आता बोलायचं कुणाशी? मुलगी दाशा आठ वर्षांची. आई खांतीत काही म्हणाली की पोर म्हणायची, “मम्मा, इंग्लिश प्लीज.” पोरीला तरी काय बोलणार? विद्युल्लताचा मुलगा कुणाल काही वेगळा नव्हता. त्याला मराठीत चार शब्द सुनावले, की तोही खांदे उडवून “ओके, ओके” म्हणायचा.

एकदा मासे साफ करताना उस्तिन्याला कल्ल्यांना खांतीत काय म्हणतात तेच आठवेना. नदीकाठी जन्मलेली बाई ती. सुरी बाजूला ठेवून मोरीपाशीच बसली आणि रडली.

तिला एकच हवं होतं, एकदा आईशी पोटभर बोलायचं होतं. आईला रशियन येत नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं आणि गावात फोन नव्हता. शेजारीण आईच्या नावाने रशियनमध्ये पत्र लिहायची: मी बरी आहे, तू बरी राहा. ते पत्र वाचून उस्तिन्याला वाटायचं, ही माझी आई नव्हेच.

दोन हजार एक साली दुबईच्या शॉपिंग फेस्टिव्हलमध्ये रशियाच्या मंडपात उत्तरेकडच्या लोकांचा स्टॉल लागला. सुट्टीच्या दिवशी उस्तिन्या तडक तिथे गेली. मण्यांचं काम विकणारी बाई चक्क खांती निघाली. उस्तिन्याने भडाभडा बोलायला सुरुवात केली, आणि ती बाई नुसती बघत राहिली. ती वाख नदीकाठची, खूप पूर्वेची. तिची खांती वेगळी, हिची वेगळी. वीस शब्दांत पाच जुळले तर नशीब. शेवटी दोघी निमूटपणे रशियनवर आल्या. “आमच्यात एक काझिमचा आहे,” ती बाई म्हणाली, “तो बघ, चहा घेऊन येतोय.”

उस्तिन्याने पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल झर्रकन तोंडावर ओढला. तो प्रोकोपी होता, येगोरचा थोरला भाऊ. ती मागच्या वाटेने निघाली आणि थेट घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी विद्युल्लताला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. दोघींचं बोलणं दुकानी हिंदीत चालायचं.

“चार वर्षं बोलायला माणूस नाही म्हणून झुरतेस, आणि माणूस आलं तर पळून येतेस?”

“थोरले दीर आहेत. त्यांना तोंड दाखवायचं नसतं. त्यांच्याशी बोलायचं नसतं.”

विद्युल्लताची चुलत आजी ठकुबाई थोरल्या दिरांची चाहूल लागली की पदर सावरून आत जायची, ते तिला आठवलं. मग तिने विचारलं, “पण काही सांगायचंच झालं तर काय करता तुम्ही?”

“मध्ये तिसरं माणूस बसवतात. त्याच्याशी बोलायचं. ते ऐकतात आणि उत्तरही त्याच माणसाला देतात.”

“मग मी बसते.”

“तुम्हाला कुठे खांती येते?”

“मला यायची काय गरज आहे? मी काय भाषण करणार आहे?”

निरोप गेला. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा प्रोकोपी आला. अर्धं शटर ओढलेलं, मध्ये स्टुलावर विद्युल्लता. एका बाजूला तोंडावर रुमाल घेऊन उस्तिन्या, दुसऱ्या बाजूला पंख्याकडे नजर लावलेला प्रोकोपी. उस्तिन्या विद्युल्लताला सांगू लागली. ते संपलं की प्रोकोपी विद्युल्लताला उत्तर द्यायचा. आणि ही बया दोन्हीकडे मन लावून मान डोलवत होती, जणू सगळं हिच्याच घरचं चाललंय. येगोर कसा गेला ते सांगितलं असावं, कारण प्रोकोपीने टोपी काढली. मग बर्फ, रेनडिअर, कुणाकुणाची लग्नं, असं काहीबाही चाललं असावं. अधूनमधून दोघंही हसत होती. ‘आंकी’ हा शब्द इतक्यांदा आला, की तो म्हणजे आई हे विद्युल्लताला न विचारता कळलं.

एकदा उस्तिन्याने आंकी म्हणत काहीतरी विचारलं आणि कानाशी फोन धरल्यासारखा हात नेला. प्रोकोपीने पंख्यावरची नजर जमिनीवर आणली. मग हळू आवाजात विद्युल्लताला काहीतरी म्हणाला. उस्तिन्याचे मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट रुतले.

तो गेल्यावर विद्युल्लताने विचारलं, “काय म्हणाले ते?”

“गावात फोन आलाय. पंचायतीच्या कचेरीत.” उस्तिन्याने रुमाल खाली घेतला. “पण आईला आता ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून काहीच नाही.”

विद्युल्लताने चहा केला.

प्रोकोपी आणखी दोनदा आला. तिघं तशीच बसली. मेळा उठला आणि तो विमानाने परत गेला.

त्यानंतरच्या दुपारी विद्युल्लताने शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला. उस्तिन्याने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर येऊन बसली. तोंडावर रुमाल नव्हता. पलीकडे कुणी बसलेलं नव्हतं.

“आंकी,” ती म्हणाली, आणि पुढे खांतीत बोलू लागली.

विद्युल्लताने डबा बंद करून बाजूला ठेवला.

“बोल गं बाई,” ती मराठीत म्हणाली. “ऐकतेय मी.”