वस्तादांचा पंजा

सांगलीच्या इस्पितळात मी ड्रेसर होतो, तेव्हा उंब्रजचे एक वस्ताद दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांचे दोन्ही वृषण काढले होते. रांगेतले बाकीचे म्हातारे विचारलं की मुतखडा सांगत. वस्ताद कॅन्सर म्हणत, तेही तालमीत हाक मारावी तशा आवाजात. त्यांची पट्टी मी बदलली होती, याचा मला अजून गर्व आहे.

एकदा कोरेगावचा एक शेतकरी त्याच ऑपरेशनला तयार होईना. आजार मणक्यात उतरलेला, माणूस कण्हत होता, पण संमतीच्या कागदाकडे बघेना. वस्ताद त्याच्या खाटेवर जाऊन बसले.

"त्या गाठीला खुराक आंडातनं मिळतुया, गड्या. माझा खुराक तोडला आन् आठ दिसांत पाठ मोकळी झाली."

"आन् मर्दपणा?" तो पुटपुटला.

वस्तादांनी उजवा पंजा पुढं केला. "धर. सोडवून दाव."

त्यानं धरला, दात खाऊन पिळला. पंजा सुटेना. शेवटी तो हसला, वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच.

"सोडा की वस्ताद, अंगठा उठवायचा हाय."

"त्यो डाव्या हाताचा लागतुय," वस्ताद म्हणाले, आणि मला शाई आणायला पिटाळलं.