एकशे सातची लेक

सगळे त्याला कांडीमामा म्हणत. मोटारसायकलला नायट्रोजनचा डबा बांधलेला, डब्यात वळूंच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या, खिशात वही. बावीस वर्षं गोठ्यागोठ्यातल्या गाई तोच भरत आला होता.

त्या सकाळी थोरल्या बहिणीची कालवड माजावर आली.

"एकशे सातच भर हं," ताईने दारातूनच बजावलं.

मामाचं डोकं सणकलं. जो उठतो तो एकशे सात! वळू मरून सात वर्षं झाली, तरी बाप व्हायचा थांबत नव्हता.

"ताई, ही त्याचीच लेक आहे. बघ, वहीत लिहिलंय. बापाचीच कांडी लेकीला भरू?"

"गुरांना कसली आलीत नाती? मी दूध विकते, सोयरीक नाही जुळवत."

"अगं, रक्तात रक्त मिसळलं की वासरं अधू होतात. गेल्या महिन्यात शेजारणीच्या गाईला झालं, ते पायावर उभंच राहिलं नाही. तीही एकशे सातचीच लेक; भरताना शेजारणीच्या हट्टापुढे मान तुकवली मी. आता नाही."

त्याने दुसऱ्या वळूची कांडी काढून दाखवली. कांड्या पुरवणाऱ्या केंद्रावर तीनदा भांडून आणलेली.

"कोण हा? याच्या लेकी दूध किती देतात?"

"चांगलं देतात. थोडं कमी."

"मग राहू दे. अरे, एकशे सात या गावात आणला कोणी? वाजतगाजत फोटो कोणी वाटले?"

गोठ्याच्या भिंतीवर तो फोटो अजून होता. चिकटवलाही मामानेच होता.

ताईने सरळ दुसऱ्या कांडीवाल्याला फोन लावला. "एकशे सात आहे का रे?"

"आहे की! दुसरं ठेवतंय कोण?"

अर्ध्या तासात तो हजर. कालवड पहिलीच वेळ म्हणून बिथरलेली, दोरीला हिसके देत लाथा झाडत होती. ताईचा हात प्लास्टरमध्ये.

"मामा, जरा धरता का?" कांडीवाला म्हणाला. "नाहीतर पाय मोडून घेईल."

मामाने ताईकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, दातओठ खाल्ले. मग पुढे होऊन कालवडीची शेपटी बाजूला धरली.

"लवकर आटप," तो खेकसला, "आणि वहीत हे तुझ्या नावावर लिही."