रात्रपाळी संपवून निघालेली भुतं

सुनीतीकाकूंनी लेस्टरमध्ये ॲरिझोना उभं केलं, त्या दुपारी मी त्यांच्याकडे थालीपीठ खायला गेले होते.

ऑक्टोबर महिना. बाहेर नेहमीचं ड्रिझल, माझ्या अंगात दोन कार्डिगन. काकूंच्या घरामागच्या काचेच्या खोलीत, म्हणजे कन्झर्व्हेटरीत, मात्र दोन फॅन हीटर, एक हॅलोजन आणि हवेतली ओल शोषून घेणारं मशीन, सगळं एकदम चालू होतं. खोलीच्या मधोमध खुर्चीत विष्णूकाका बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत क्रेप बँडेजमध्ये गुंडाळलेले. बाहेर फक्त चष्मा आणि एक बोट, त्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर.

"शिल्पा, आलीस? बरं झालं," काकू म्हणाल्या. "ह्यांना जरा विचार, गुदमरतंय का. मला खरं सांगत नाहीत."

"आय ॲम फाइन," बँडेजच्या आतून आवाज आला. "पण थालीपीठ आधी मला द्या."

हे सगळं काय होतं ते कळायला आधी काकू कोण ते सांगायला हवं.

सुनीती खांबेटे लग्न होऊन सांगलीहून थेट इंग्लंडला, लेस्टरला आल्या, ऐंशीच्या दशकात. विष्णूकाका हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट. ते दिवसभर लोकांना झोपवत आणि काकू घरी एकट्या जाग्या बसत. पोस्टमन सोडला तर त्यांच्या दारावरची बेल कोणी वाजवत नसे. ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी ती वाजली. दारात जुन्या चादरी पांघरलेली तीन पोरं. काकूंना हॅलोवीन हा शब्दही माहीत नव्हता. त्यांना वाटलं, बिचारी कुडकुडताहेत, घरी बघायला कोणी नाही वाटतं. त्यांनी तिघांना आत घेतलं, हीटरपाशी बसवलं आणि प्रत्येकाच्या ओंजळीत दिवाळीचा चिवडा ओतला. थोड्या वेळाने घाबऱ्याघुबऱ्या त्यांच्या आया शोधत आल्या. शेजारची डोरीन त्यांतलीच एक. पुढच्या वर्षी पोरांची संख्या वाढली, आणि पोरं दारातूनच विचारत होती, "हॅव यू गॉट द स्पायसी कॉर्नफ्लेक्स?"

मुलगी वरदा शाळेत जायला लागली तसं काकूंनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं. डॉक्टरांची बायको नर्स होणार म्हणून मराठी मंडळात थोडी कुजबुज झाली म्हणे. काकूंच्या ती कानावर गेली नाही, कारण त्या दिवसा झोपलेल्या असत. मुलांच्या वॉर्डात त्यांनी वर्षानुवर्षं नाइट्स केल्या. आणि वर्षातून एकदा, चर्चच्या हॉलमध्ये, आमच्या अख्ख्या रस्त्याचं हॅलोवीन केलं. भोपळ्याचं गरम सूप, टॉफी ॲपल, चकली. दहीहंडीसारखी वर टांगलेली एक पेपरची चेटकीण, जी पोरं काठीने फोडत आणि आतून गोळ्या पडत. काकूंशिवाय हॅलोवीन, हा विचारच आमच्याकडे कोणी केला नव्हता.

वरदा जन्मली, वाढली ती इथेच. तिचा नवरा राज. त्याच्या नोकरीसाठी दोघं आणि त्यांची छोटी दिया ॲरिझोनात, टूसॉनला राहायला गेले. सप्टेंबरात एका रविवारी तिचा फोन आला.

"आई, मी एक स्टुपिड गोष्ट केलीय."

"गाडी ठोकलीस?"

"नाही गं. आमच्या कॉलनीची मीटिंग होती. हॅलोवीनला कम्युनिटी कार्निव्हल कोण ऑर्गनाइज करणार विचारलं. कोणीच काही बोललं नाही, मग माझा हात वर गेला."

"मग कर की. त्यात काय एवढं?"

"आई, इथे कोणी कोणाला ओळखत नाही. गॅरेज उघडतो, गाडी आत जाते, गॅरेज बंद. मी अजून लोकांचे फेस पण नाही बघितले. फक्त गॅरेज."

"काही काळजी करू नकोस," काकू म्हणाल्या, आणि जेवणाआधी त्यांचा बेत तयार होता. पावसासाठी मोठा तंबू, मधोमध शेकोटी, सूप दोन प्रकारचं, आणि सगळ्यांना हातमोजे आणायला सांगणे. वरदाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, इथे ऑक्टोबरमध्ये पण थर्टी-सिक्सपर्यंत जातं. पाऊस नाही. रस्ता तापतो, कुत्र्यांना बूट घालतात. शेकोटी लावली तर फायर ब्रिगेड येईल."

 सांगलीचा उन्हाळा काकूंनी काढला होता, पण सांगलीत भर उन्हात रबरी मुखवटा घालून कोणी फिरत नाही. न बघितलेल्या हवेत कार्यक्रम आखायचा कसा? मग ती हवाच घरी आणली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. अशी ती कन्झर्व्हेटरी.

पुढचे काही दिवस तिथे रीतसर प्रयोग चालले होते. बशीत ठेवलेली चॉकलेटं बघता बघता चपटी झाली. मला मांजर केलं गेलं, तर माझ्या रंगवलेल्या मिशा ओघळून हनुवटीवर आल्या आणि मी चिनी साधूसारखी दिसायला लागले. कोरलेला भोपळा आधी गाल आत घेऊन बसला, मग त्याचं तोंडच मिटलं, आणि शेवटी काकांनी नाकाला रुमाल लावून त्याला ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये पोचवलं. त्याआधी दियाने तो व्हिडिओवर पाहिला होता.

"आजी, तुझा पंपकिन सॅड झाली," ती म्हणाली.

काकांच्या ममीचा प्रयोग सर्वांत गाजला. थालीपीठ खाऊन झाल्यावर ते हवा खायला म्हणून तसेच मागच्या बागेत गेले. गरम खोलीतून थेट ड्रिझलमध्ये, त्यामुळे त्यांच्या सर्वांगातून वाफा निघायला लागल्या. कुंपणापलीकडे डोरीन दोरीवरचे कपडे काढायला आली होती.

"ओह, विष्णू, लव्ह!" ती किंचाळली. "व्हॉट हॅव दे डन टु यू?"

काकांनी हात हलवून सगळं ठीक आहे असं सांगायचा प्रयत्न केला. बँडेजमुळे हात कोपरात वाकला नाही. त्यामुळे ती आणखीनच घाबरली. संध्याकाळी ती ट्रेमध्ये भाज्या भरून भाजलेला 'पाय' घेऊन दारात हजर. खरा प्रकार कळल्यावर इतकी हसली की पायरीवरच बसली, आणि दुसऱ्या दिवशी चेटकिणीचा लोकरी झगा घालून स्वतःच प्रयोगाला आली. खुर्चीत टेकली, हॅलोजनकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नो. आय वॉन्ट टु गो होम."

हसणं खूप झालं, पण हाती काही लागेना. या हवेत भूत टिकत नाही, असा काकूंचा निष्कर्ष निघाला. त्यांनी वरदाला फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी करावं तर सूर्य मावळल्यावरही तिकडचं डांबर पोळत असतं, पोरं त्यावर नाचणार कशी? हॉल नाही, सावली नाही. "या वर्षी राहू दे," त्या म्हणाल्या. "नाही जमत तर नाही जमत."

मी समोरच होते. फोन स्पीकरवर होता.

"मला कॅन्सल नाही करायचंय, आई," वरदाचा आवाज एकदम वेगळा आला. "दिया रोज विचारते, आपल्याकडे कोण येणार. मी काय सांगू? इथे आमच्या घरी कोणी येतच नाही. बेल आहे ना आमची, ती चालते की नाही ते पण मला माहीत नाही."

 फोन ठेवल्यावर काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. मी चहा करते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मी काकूंना पहिल्यांदाच चहाला नाही म्हणताना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे चहा आणि पेपर घेऊन कन्झर्व्हेटरीत गेले आणि शाल आणायला परत आले.

"काय गारठलीय ती खोली! रात्री हीटर बंद केले की काचेतून सगळी ऊब निघून जाते," ते म्हणाले. "वाळवंटाचं तसंच असतं बरं का. ढग नाहीत, अडवणार कोण? पहाटे चांगलं गार असणार तिथे."

काकू कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. "काय म्हणालात?"

"वाळवंट. पहाटे गार असतं म्हटलं."

"मग पहाटेच करू की."

"सुनीती, सकाळी कसली भुतं?"

"का? रात्रभर काम करून भुतं सकाळी घरी नाही जात? मी नाही जायचे?" काकू कणकेच्या हातांनीच बोलत होत्या. "नाइट्स संपवून बसस्टॉपवर उभी असायचे तेव्हा मी कशी दिसायचे? तुम्हीच म्हणायचात ना, दार उघडायची भीती वाटते म्हणून?"

"मी प्रेमाने म्हणायचो," काका पुटपुटले.

हे मला काकूंनी तासाभरात फोनवर सांगितलं, आणि तेव्हाच मला कळलं की आता या बाईंना कोणी थांबवू शकत नाही. रात्रपाळी संपवून निघालेली भुतं! त्यांना मुखवटे नकोत, कारण ती दमलीत. चेटकीण केसांत कर्लर लावून, गाऊनमध्ये. सांगाडा सपाता घालून. ममीचं बँडेज अर्धं सुटलेलं, म्हणजे वारा लागतो. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काजळाची काळी वर्तुळं, घामाने पसरली तर उलट छानच. चॉकलेट बाद, त्याऐवजी फ्रीझरमधली गोठवलेली द्राक्षं, तीच भुतांचे डोळे. भोपळे कोरायचे नाहीत, खडूने रंगवायचे. सूपच्या जागी पोहे. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत सगळ्या भुतांनी घरी जाऊन झोपायचं.

वरदा ऐकून आधी हसली, मग हसायची थांबेना. "आई, यू आर मॅड," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी प्रत्येक गॅरेजच्या दाराला एकेक चिठ्ठी चिकटवून आली.

तो शनिवार उजाडला. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. काकू, काका, डोरीन आणि मी, चौघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलो, समोर आयपॅड. पडद्यावर टूसॉनचा रिकामा रस्ता, लांब तपकिरी डोंगर, कोणाच्या तरी अंगणात एक उंच निवडुंग. वरदा कर्लर लावून टेबलाशी. राज पोहे परततोय. दिया उशी काखेत घेतलेलं झोपाळू भूत. आणि चौथं माणूस नाही.

"पोहे कोरडे होतील," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. डोरीनने त्यांचा हात धरला.

मग एक गॅरेज वर सरकलं. आतून गाडी आली नाही. पायजम्यातला एक म्हातारा आला, डोळ्यांखाली काजळ, हातात साखळी, साखळीला कुत्रा, आणि कुत्र्यालाही चादर. समोरचं दुसरं गॅरेज उघडलं. मग तिसरं. ढकलगाडीतली जुळी, दोघं जांभया देणारे ड्रॅक्युला. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी कॉफीचा थर्मास. बघता बघता रस्ता भरला, आणि आम्ही इकडे टाळ्या वाजवत होतो.

थोड्या वेळाने एक गाडी वळणावरून आली आणि गर्दी बघून थांबली. आतून हॉस्पिटलच्या निळ्या स्क्रब्जमधली एक बाई उतरली. केस विस्कटलेले, एका पायाची लेस सुटलेली, डोळ्यांखाली जबरदस्त वर्तुळं.  दिया धावत गेली आणि वेशभूषेच्या पहिल्या बक्षिसाचं पुठ्ठ्याचं पदक तिच्या गळ्यात घालून आली.

"पण मी काही वेश केलेला नाही," ती बाई गोंधळून इंग्रजीत म्हणाली. "मी आत्ता ड्यूटीवरून येतेय. माझं घर ते पुढचं."

रस्ता हसून आडवा झाला. वरदाने तिला खुर्चीत बसवलं, हातात पोह्यांची बशी दिली आणि समोर फोन धरला. तिचं नाव मारिसोल.

"कुठला वॉर्ड?" काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मुलांचा."

"मग पहाटे तीननंतर सगळी एकदम रडायला लागतात ना?"

मारिसोलचा चमचा हवेत थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

त्यानंतर त्या दोघी अशा बोलत सुटल्या की राजने पोहे दोनदा वाढले तरी मारिसोलच्या लक्षात आलं नाही. वरदा शेजारी ऐकत उभी होती. मधेच मारिसोल तिच्याकडे वळून म्हणाली, "आपण इतके दिवस शेजारी राहतोय?" आणि वरदाने आपले कर्लर काढायला सुरुवात केली, का कोण जाणे.

शेवटी दिया आजीला काहीतरी दाखवते म्हणून फोन घेऊन पळाली. वाटेत तिला कोणीतरी हाक मारली. तिने फोन टेबलावर उताणा टाकला आणि गेली ती गेलीच. आमच्या पडद्यावर फक्त आकाश उरलं. निळंभोर, कुठे ढगाचा ठिपका नाही. खालून आवाज येत होते: पोरांचं ओरडणं, कुत्र्याचं भुंकणं, राज कोणाला तरी "लेमन, लेमन" म्हणून लिंबू पिळायला सांगत होता, आणि वरदा कोणाशी तरी मोठ्याने हसत होती.

बराच वेळ आम्ही ते आकाश बघत बसलो. डोरीन चहा टाकायला उठली.

"ठेव आता तो फोन," काका म्हणाले. "काही दिसत नाहीये."

"थांबा हो," काकू आयपॅडकडे कान लावून म्हणाल्या. "ऐकू येतंय ना."