त्या डबीत दोष नव्हता

माझ्या मुलाने तळोद्याला स्पीकर जाळला, असं शहाद्यात अजून सांगतात. चहाच्या गाडीवर तो दिसला की कोणीतरी नाकाला रुमाल लावतो आणि म्हणतो, "जळेल वास यी ऱ्हायना रे!" बारा वर्षं झाली, लोकांना त्याचा कंटाळा आलेला नाही. हसणाऱ्यांत एकदा मीही होतो.

स्पीकर त्याने जाळला नाही, मी जाळला.

आमच्या कळसाडी गावची शेती थोरल्या भावाने सांभाळली आणि मी शहाद्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, टेप, पुढे लग्नाच्या बँडचे अँप्लिफायर. आवाज स्वच्छ निघाला की काम झालं, एवढीच माझी कसोटी होती. स्पीकरचा कागद नखाएवढा फाटला असला तरी मी रस्त्यापलीकडून ओळखायचो. त्यामुळे एक रीत पडली होती. भाड्याचा स्पीकर जळाला आणि बँडवाले नि साउंडवाले भांडायला लागले की ते माझ्याकडे यायचे. दोष कोणाचा, हे मी टेबलावर सामान उघडून सांगायचो आणि दोन्हीकडचे ते मुकाट मानायचे.

मुलगा त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा. तेव्हा अठ्ठावीसचा होता. चौघांचा रॉक ग्रुप होता त्यांचा आणि हा बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची ती गिटार नीट वाजवली तर गोड घुमते. त्याला गोड नको होतं. काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर उसाची भरली ट्रॉली ओढताना जसा घशातून गुरगुरतो, तसा आवाज त्याला हवा होता, आणि त्यात सूरही शाबूत हवा होता.

सरसकट आवाज फाडला की बेसचं पोट जातं आणि नुसती माशी भणभणते. म्हणून त्याने एका ॲल्युमिनियमच्या डबीत दोन वाटा केल्या. एका वाटेने खालचा जाड स्वर जसाच्या तसा जाऊ दिला. दुसऱ्या वाटेने खालचा भाग गाळून उरलेला आवाज खूप वाढवला आणि दोन डायोड लावून त्याच्या लाटांचे शेंडे छाटले. छाटलेल्या शेंड्यांतून गुरगुर निघते. शेवटी दोन्ही वाटा एका बटणाने हव्या तेवढ्या मिसळायच्या. तारा नव्या स्टीलच्या, आणि वाजवायचं बोटाने नाही, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पत्तीने, तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे अगदी जवळ. हे सगळं त्याने स्वतः शोधलं होतं. मी त्याला एक शब्द शिकवला नव्हता.

"हाऊ काय आवाज शे?" मी ओरडायचो. "म्हैस व्याई ऱ्हायनी का?"

"आबा, तो फाटेल नही. मी फाडेल शे. फरक शे."

"मन्हा दुकानमा फाडेल आवाज चालनार नही."

समोरचे कापडवाले शेठ मजा घ्यायचे. गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "अप्पा, पहिले घरना स्पीकर दुरुस्त करा, मंग आमना आनतस." लोक हसायचे. ज्याच्या शब्दावर स्पीकरचे तंटे मिटतात, त्याच्याच दुकानात फाटका आवाज! मला ती लाज सोसवली नाही. पोराचं भलं वगैरे काही मनात नव्हतं.

तळोद्याच्या मैदानावर त्यांचा दुपारचा कार्यक्रम ठरला. सुरतेचा एक माणूस येणार होता. ग्रुप आवडला तर वर्षभराचं काम देणार होता. आदल्या दिवशी त्यांनी सगळे आवाज लावून पाहिले आणि बटणांवर खुणा केल्या. निघायच्या सकाळी मुलगा आंघोळीला गेला होता. मी डबी उघडली आणि तांदळाच्या दाण्याएवढे ते दोन डायोड कटरने कापून काढले. टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर हळू आवाजात लावून बघितलं. स्वच्छ! झाकण लावून ठेवलं. जमलेल्या लोकांना खरा गोड बेस ऐकू येईल आणि माझी मान वर राहील, असं मला वाटत होतं.

चाळीस वर्षं हेच काम केलेल्या कारागिराने एक गोष्ट विसरायला नको होती. ते डायोड आवाज फाडत होते, तसेच तो आवरूनही धरत होते. ते गेल्यावर दुसऱ्या वाटेचा वाढवलेला आवाज मोकाट सुटला. बटणं मात्र कालच्याच खुणांवर होती.

मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. पहिलं गाणं निम्म्यावरही आलं नव्हतं. बेसचे धक्के छातीत बसत होते. मग एकदा करकर झालं, आवाज मेला आणि स्पीकरच्या जाळीतून धूर आला. जळलेल्या कॉइलचा वास मला दुरून कळला. सुरतेचा माणूस नाकाला रुमाल लावून उठला. गाणारा माईक हातात धरूनच माझ्या मुलावर ओरडला, "सांगं व्हतं ना तुले, हाऊ कचरा आनू नको!" सगळ्या मैदानाने ते ऐकलं.

साउंडवाला मुलाच्या अंगावर धावून आला. मुलगा म्हणाला, "डबी आबाले दाखाडू. त्या सांगतीन ते खरं." त्याचा माझ्यावर विश्वास होता.

संध्याकाळी सगळे डबी घेऊन माझ्या दुकानात आले. "ठेवी जा. सकाय सांगस," मी म्हणालो. ते गेल्यावर मी डायोड परत जोडले. सोल्डर नवं चमकत होतं, म्हणून त्यावर धुळीचं बोट फिरवलं. चुकून डायोड कापले गेले असं म्हणता आलं असतं. पण धुळीचं बोट चुकून फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मी झाकण काढलं, चष्मा लावला, बराच वेळ बघितल्यासारखं केलं.

"आबा, नीट देखं का?" मुलाने विचारलं.

"देखं. तुन्ही मांडणीच चुकेल शे."

कोणी वाद घातला नाही. शेठ दारातून म्हणाले, "वास मन्हा दुकानलोंग उना बरं का!" तेव्हा मी हसलो.

ग्रुपने दुसरा बेसवाला घेतला आणि ते सुरतेला गेले. मुलाने गिटार नवापूरकडच्या एका बँडला देऊन टाकली आणि उसाच्या वजनकाट्यावर नोकरी धरली. त्यानंतर त्याने सोल्डरची कांडी हातात घेतली नाही. घरचा पंखा बिघडला तरी तो बाहेरून माणूस बोलवायचा.

या चैत्रात त्याच्या मुलीला शाळेसाठी दिवा लागेल असं काहीतरी बनवायचं होतं. तो तिला म्हणाला, "माले नको सांगू, बेटा. मन्हा हातनं चुकस." मी पलीकडे जेवत होतो. घास गिळला आणि तिथेच सांगून टाकलं.

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. "मंग डबी बरोबर व्हती?"

"व्हय."

"इतलं सांगाले बारा वरीस?"

मी ताट बाजूला सारलं.

"ऊठ," तो म्हणाला. "माले नको सांगू. ज्यासना समोर खोटं बोलना, त्यासले सांग."

मोटरसायकलवर मागे बसवून त्याने मला गाणाऱ्याकडे नेलं. दोन वर्षांत सुरतेहून परत येऊन त्याने मोबाईलचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकांसमोर मी सगळं सांगितलं. गाणारा आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला. "अप्पा, आते हाई आयकीसन मी काय करू?" मग मुलाकडे वळून म्हणाला, "भाऊ, एकदा बसूत ना परत चौघे..."

"तुमनासंगे? नही," मुलगा म्हणाला. "तुम्हीन डबी उघाडीसन बी देखी नही." साउंडवाल्याच्या आणि शेठच्या दारात तो मला एकट्याला सोडून गेला. तिथेही मी तेच सांगितलं.

घरी आल्यावर त्याने कागद पुढे ठेवला. "लिख. तोंडनं बोलेल तू उद्या फिरावशी. नाव कोन्हंच टाकू नको, लोके नावेच वाचतस. डबी कशी व्हती ते पुरं लिख."

लिहून झाल्यावर त्याने उभ्यानेच वाचलं. डबीच्या भागात मी पत्तीचं लिहायचं विसरलो होतो, ते त्याने सांगून घालायला लावलं. बाकी कशाला हात लावला नाही. दाराशी जाऊन थांबला.

"मी तुले माफ करेल नही. हाई बी लिख."

तेही लिहिलं.