अडीच इंच मोठं घर

सिरोंडीहून निघालो तेव्हा बाबा ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि घर मागे होतं. म्हणजे खरोखरच मागे, ट्रकच्या हौद्यात. खांब, तुळया, फळ्या, दाराची चौकट, सगळं दोरखंडानं आवळलेलं. लोक घर सोडून परगावी जातात, आम्ही घर उचलून चाललो होतो. निरोप द्यायला आलेल्या चारदोन म्हाताऱ्यांना हात कुणाकडे बघून हलवावा ते कळेना. ट्रक वळेपर्यंत ते आमच्या खांबांनाच टाटा करत राहिले.

वाटेत वनखात्याच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, "क्या माल है?" कागदपत्रं माझ्या हातात होती, पण बाबा आधी बोलले. "माल नाही बाप्पा, घर आहे." शिपायानं ट्रकभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बुज़ुर्ग ठीक तो हैं ना?"

गाववाल्यांनो, तुमच्यापैकी जे अजून तिकडे आहेत आणि जे माझ्यासारखे नागपूर, भिलाई, भोपाळ असे पांगलेत, त्यांना सिरोंडी काय सांगायची! पण आपल्या पोरांना ती सांगताना माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितो.

वैनगंगेच्या खोऱ्यातलं आपलं गाव वसलं ते लाकडापायी. आधी डेपो आला, मग लिलाव, मग लाकूड चिरणाऱ्या आरामशिनी आणि त्यांच्या मागोमाग आपण. आजोबांच्या काळी सागाचे ओंडके पावसाळ्यात नदीतून सोडत. ओला साग बुडतो, म्हणून दोन्ही अंगांना बांबूचे भारे बांधून. माझ्या वेळेपर्यंत ट्रक आले होते. मशिनींचं किंचाळणं थांबलं की बायका चुलीवरून उठून बाहेर यायच्या, कारण भलत्या वेळी मशीन थांबली म्हणजे कुणाचा तरी हात गेला. गावात सगळी बोटं शाबूत असलेला माणूस दिसला की तो एक तर मास्तर असायचा, नाही तर नवा. बाबांची डाव्या हाताची दोन गेलेली. भुसा तर सगळीकडे. शेगडीत भुसा, भाकरीत भुसा, देवाच्या डोळ्यात भुसा. तो छातीतही साठतो, हे आपल्याला फार उशिरा कळलं.

मग जंगल मागे सरकलं. ओंडके येत ते मांडीएवढे, मग मनगटाएवढे, मग आलेच नाहीत. तोड बंद झाली, मशिनींचे पट्टे भंगारात गेले आणि गावानं असं काही केलं जे फक्त लाकडाचंच गाव करू शकतं. त्यानं स्वतःला विकलं. आपली घरं बिनखिळ्यांची, खाचेत खाच बसवलेली, पाचर ठोकून काढली की सुटी. जुन्या सागाला शहरात गिऱ्हाईक होतंच. आज शेजारी घर असायचं, उद्या तिथून आरपार नदी दिसायची.

मी तेव्हा भोपाळच्या कारखान्यात पॅटर्नशॉपला होतो. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना बनवतात, ते आमचं काम. पिपलानीत दोन खोल्यांचं क्वार्टर, स्कूटर, कुलर. आई केव्हाच गेली होती. बाबांना न्यायला मी तीनदा गेलो आणि तीनदा रिकामा परतलो.

"क्वार्टर कंपनीचं," ते म्हणायचे. "तू रिटायर झाला का चाबी वापस. मी मेल्यावर मले दुसऱ्याच्या दारातून बाहेर नको काढू. आपल्या दारातून काढ."

शेवटी भोपाळातच, सोनागिरीला एक प्लॉट घेतला आणि म्हटलं, चला, घरासकट चला. तेव्हा कुठे ते उठले.

आता माझा पराक्रम ऐका. सिरोंडीत घर उतरवण्याआधी मी सगळी मापं नीट घेतली होती. भोपाळला प्लॉटवर खांबांखालचे दगडी तळखडे बसवताना मात्र मिस्त्रीच्या कळकट टेपवर माझा विश्वास बसेना. मी ऐटीत माझी पॅटर्नशॉपची स्टीलची पट्टी काढली. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून ही पट्टी मुळातच थोडी लांब बनवलेली असते. तिचा फूट खऱ्या फुटाहून किंचित मोठा. हे मी दर वर्षी नव्या अप्रेंटिसांना पहिल्याच दिवशी बजावून सांगायचो. आणि मीच ते विसरलो. लोखंड ओतायची पट्टी घेऊन मी बापाचं घर बांधायला बसलो.

खांब उभे राहिले. तुळई चढवली. एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला खांब अडीच इंच पलीकडे. मिस्त्रीनं आपला टेप लावला, पुन्हा लावला, मग माझ्या पट्टीकडे बघत म्हणाला, "साहब, लकड़ी तो वही है। आपका फुट बड़ा है।"

बाबा इतके हसले की खोकल्यानं वाकून खाली बसले. "पोट्टे शहरात गेले का घर मोठंच बांधतात," म्हणाले. "त्यात नवल काय रे?"

तुळया खाली उतरल्या, खांबही आडवे केले. तळखडे उखडून पुन्हा बसवायचे होते, पण गव्हाची कापणी आली आणि मिस्त्री आपल्या माणसांसकट गावी गेला. उभी राहिली ती फक्त दाराची चौकट. ती एकसंध होती, तिला माझ्या मापाची गरज नव्हती.

रोज संध्याकाळी मी बाबांना स्कूटरवर सोनागिरीला न्यायचो. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती चौकट, आणि तिच्या उंबरठ्यावर बाबा. पलीकडच्या प्लॉटवाले मिश्राजी येता-जाता चेष्टा करायचे, "दादाजी, हमें अंदर कब बुलाओगे?"

"मैं तो अंदरच हूँ," बाबा म्हणायचे. "तुम बाहर हो."

मिस्त्री यायच्या आधी बाबांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "मिस्त्री आला का रे?"

"आला ना. तुळया चढताहेत."

"कान नको खाजवू," ते म्हणाले. "खोटं बोलताना तू पहिल्यापासून कान खाजवतो."

दोन दिवसांनी गेले. ॲम्ब्युलन्सवाल्यानं पत्ता विचारला आणि माझ्या तोंडून सवयीनं पिपलानीचा क्वार्टर नंबर निघाला. आमची ही मागे बसली होती, ती म्हणाली, "नाही. सोनागिरी." मी म्हटलं, "अगं, तिथे आहे काय?" ती म्हणाली, "दार आहे."

उघड्या प्लॉटवर, चौकटीच्या आतल्या बाजूला बाबांना ठेवलं. कारखान्यातली माणसं आली. बिहारी, मलयाळी, तेलुगू, ज्यांनी सिरोंडीचं नाव फक्त माझ्या थापांमध्ये ऐकलेलं. तिरडी उचलली आणि सगळे सरळ मोकळ्या बाजूनं निघाले.

मी म्हटलं, "दरवाज़े से।"

मिश्राजी थबकले. "भाईसाब, दीवार तो है नहीं। बाजू से निकल जाते हैं ना।"

"दरवाज़े से।"

आपल्याकडची दारं बुटकी, वाकल्याशिवाय माणूस आत-बाहेर होत नाही. ते उंच उंच लोक एकेक करून वाकले. मिश्राजींचं कपाळ चौकटीच्या वरच्या लाकडावर असं आपटलं की आवाज झाला. कुणी हसलं नाही. हसणारा एकच होता, तो त्यांच्या खांद्यावर होता.

घर पुढे उभं राहिलं, मिस्त्रीच्या टेपनं. मी रिटायर झालो, क्वार्टरची चावी परत केली, आता इथेच असतो. मुलगा म्हणतो, बाबा, दार ऊँचा करवा लो, सबका सिर फूटता है. मी कानावर घेत नाही. घर म्हणजे काय याची मला आता एवढीच समज उरली आहे: आपल्याला बाहेर नेताना जिथे लोक वाकतील, ते.